किलोवर बोल दादा
आज कळंबकडच्या एका गावात बचत गटाच्या बायकांसोबत शेळ्यांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणारा आजार) लस द्यायला गेलो होतो, पावसाळ्याआधी ही दिली नाही तर धडधाकट करडं पण एका रात्रीत जातात. टोचणारी पशुसखी (जनावरांची काळजी घ्यायचं शिकलेली बाई) गावातलीच, मी आपला शेळ्यांचे पाय धरायला (शर्टाचं काय झालं विचारू नका).

तिथं एक काकू भेटल्या. नवरा जाऊन 4 वर्षं झाली, जमीन सासऱ्याच्या नावावर, मग बँक कशाला दारात उभी करतेय. गटातून कर्ज काढून 2 उस्मानाबादी शेळ्या घेतल्या, ही जात बऱ्याचदा जुळी देते आणि गाभण राहिली की 5 महिन्यांत विते, आज दावणीला 9 आहेत. आम्ही असतानाच व्यापारी आला, बोकडाकडे नुसतं बघून म्हणे उक्ते सहा हजार देतो. काकूंनी आतून ताणकाटा आणला, बोकड गोणपाटात घालून आढ्याला टांगला, 24 किलो! म्हणाल्या, "किलोवर बोल दादा." गडी गप्प हिशोब करत बसला.

मागच्या वर्षीपर्यंत ह्याच काकू दिराला विचारल्याशिवाय बाजारात जायच्या नाहीत. पैसे तिथंच मोजून घेतले, काही नोटा वेगळ्या काढून मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवल्या. म्हटलं ह्या कशाला? तर म्हणे लेकीच्या नर्सिंगच्या फॉर्मला.