नमुना मंजूर होईपर्यंत

चुन्याच्या दरजांचा नमुना मंजूर करून घेताना आमचं डोकं इतकं पिकलं की काम उरकलं तरी राग उतरलेला नाही. म्हणून आधी तेच लिहिते.

जुन्या दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरायच्या तर आधी हातभर जागेत नमुना करून दाखवावा लागतो. मूळ चुन्याचा तुकडा आम्लात विरघळवायचा, खाली उरलेली वाळू चाळून बघायची, त्यावरून मिश्रण ठरवायचं आणि मंजुरी येईपर्यंत बाकीच्या भिंतीला हात लावायचा नाही. नियम रास्तच आहे. याच भिंतीत पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलं होतं. ओलीला दरजांतून बाहेर पडायला वाट उरली नाही, ती दगडातून निघू लागली आणि शेजारच्या दगडांचे पापुद्रे सुटत होते.

तर मंजुरी देणारे साहेब आले, नमुना बघून म्हणाले, "रंग गडद वाटतोय." ओला चुना गडद दिसणारच! वाळल्यावर फोटो पाठवले, तर उत्तर आलं की फोटोवरून रंग ठरवता येत नाही, प्रत्यक्ष पाहणी करू. कधी? "कळवू." मग फाईलच परत आली. का, तर मिश्रणाचं प्रमाण वजनात लिहिलेलं नव्हतं. गवंडी एकास तीन (एक भाग चुना, तीन भाग वाळू) म्हणतो ते घमेल्याच्या मापानं. भिजवलेल्या चुन्याच्या वजनात पाणी धरायचं की नाही, हे तो रकाना आखणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी दोन्ही आकडे लिहिले, खाली कुठलं वजन कसं काढलं त्याची टीप जोडली. तुम्हीही पहिल्याच अर्जात दोन्ही लिहा. नमुन्याचा फोटो ओला आणि वाळलेला असा शेजारी-शेजारी, तारखेसकट लावा.

या "कळवू"चा त्रास साइटपेक्षा घरी जास्त झाला. परांची उभी, गवंडी बसून, आणि मी घरी निघाले की नेमके साहेब उगवतील ही धास्ती. तिकडे सासूबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, मुलाच्या शाळेचं संमेलन. नवऱ्यानं रजा टाकायची तर कुठल्या दिवसाची? तो एकदा फोनवर अगदी शांतपणे म्हणाला, "तू येणार नाहीस असं सांग, मी बघतो सगळं. पण 'बहुतेक येते' म्हणू नकोस." जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दगडांच्या बाबतीत मी हे काटेकोर पाळते, घरी मात्र सगळा कारभार अंदाजावर चालला होता. तेव्हापासून फोनवर "हो" किंवा "नाही" एवढंच. संमेलनाला "नाही" सांगितलं. मुलगा रुसला, पण दारात वाट बघत बसला नाही.

त्याला या कामात थोडं ओढलं, त्याचाही फायदा झाला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत पक्का होत जातो. नमुन्याचा तुकडा मोडून त्यावर फेनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की पक्का झालेला थर तसाच राहतो आणि आतला कच्चा भाग भडक गुलाबी होतो. व्हिडिओ कॉलवर हे दाखवल्यापासून त्याचा पहिला प्रश्न असायचा, "आज गुलाबी किती उरलं?" कधी येणार, हे नंतर.

सुट्टीचं म्हणाल, तर दरजा भरून झाल्यावरचे पहिले काही दिवस बरे. तेव्हा भिंत ओल्या गोणपाटाखाली असते आणि ती सुकू न देणं एवढंच काम असतं. भरवशाचा मुकादम हवा, बस्स. पाहणीलाही कुणी फिरकत नाही. गोणपाटात बघणार काय?

हो, एक राहिलंच. नमुना परांची बांधण्याआधी, जमिनीवरून हात पोचेल अशा जागी करून घ्या. म्हणजे मंजुरी रखडली तरी गवंडी अडकून पडत नाहीत आणि तुम्हीही त्या काळात घरी राहू शकता. हे कंत्राटाच्या वेळापत्रकातच लिहून घ्यावं, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा त्यात रंगाबद्दल अवाक्षर नव्हतं. मागच्या भिंतीच्या अर्जाला मी त्याचीच प्रत जोडली आहे. पोच मिळाली. पाहणीची तारीख? कळवतील म्हणे.