सकाळची फेरी

“आज उशीरच झाला, डॉक्टर. लिश्टेनबर्ग डेपोतून गाडी वेळेवर सुटली नाही,” आजोबा म्हणाले. पूर्व बर्लिनमध्ये त्यांनी उभी हयात ट्राम चालवली. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, आणि गेले अकरा दिवस ते आमच्या न्यूरॉलॉजी वॉर्डात आहेत. वर्षानुवर्षांची दारू, पोटात अन्न नाही, मग बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. कोर्साकॉफ, म्हणजे नव्या आठवणी न टिकण्याचा आजार. सलाईनमधून बी-१ दिल्यावर डोळ्यांची थरथर थांबली. आठवण परतली नाही.

मी तीन शब्द दिले: सफरचंद, छत्री, पूल. लगेच म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी विचारलं, तर असे काही शब्द दिले होते हेच त्यांच्या गावी नव्हतं. पण सकाळची अख्खी फेरी त्यांनी सांगितली, खास बर्लिनच्या बोलीत, ‘इश’ला (म्हणजे ‘मी’ला) ‘इक’ म्हणत. शाळेची पोरं कुठे चढली, रूळ किती ओले होते. मध्येच मान उजवीकडे वळायची, दारं मिटली का पाहायला. यात खोटेपणा अजिबात नव्हता. “आजोबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात,” मी म्हणाले आणि ती मान थबकली. चेहऱ्यावर इतकी भीती दाटली की बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. केस पेपरवर एकच शब्द लिहिला, कन्फॅब्युलेशन (आठवणीतली पोकळी मेंदू नकळत रचलेल्या गोष्टीनं भरतो, ते), आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

दुपारभर मनात आल्फ्रेड ड्योब्लिन होते. ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’ (१९२९) ही कादंबरी लिहिणारे ड्योब्लिन डॉक्टर होते, आणि १९०५ साली फ्रायबुर्गला त्यांनी प्रबंध लिहिला तो याच आजारातल्या स्मृतिदोषांवर. मार्गदर्शक होते आल्फ्रेड होखं. याच होखंनी १९२० मध्ये कार्ल बिंडिंग या कायदेपंडिताबरोबर पुस्तक लिहून ‘जगण्यास अपात्र’ माणसांना संपवण्याची मुभा मागितली. पुढे नाझींनी हजारो मनोरुग्ण मारले. हे वाचलं तेव्हापासून मला ते विसरता येत नाही. होखंचा हा विद्यार्थी, ड्योब्लिन, १९२०च्या दशकात लिश्टेनबर्गमध्येच, फ्रँकफुर्टर आलेवर, विम्याच्या कामगार पेशंटांना तपासत होता. कादंबरीतली बोली त्याच वस्त्यांमधली आहे. तिचा नायक बीबरकॉफ टेगेलच्या तुरुंगातून सुटतो, ४१ नंबरची ट्राम धरतो, आणि शेवटी बूखच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. तरुणपणी ड्योब्लिननी तिथेच नोकरी केली होती. बीबरकॉफ मुका पडून असतो आणि डॉक्टर त्याच्या उपचारांवर वाद घालत असतात. ते पान मी आधी वाचलं होतं, पण त्यातला डॉक्टर म्हणून नाही.

संध्याकाळी परत गेले. आजोबांनी ओळखलं नाही.

“नवीन डॉक्टर का?”

“हो,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “शेवटचा थांबा कुठला तुमचा?”

ते वीस मिनिटं बोलत होते. सकाळच्या त्या एका शब्दाखाली मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं, ‘इक’सकट.