चेकबॉक्सवर खूण झाली, पुढे काय?

ड्रूपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या परिषदेत भाषणं संपली की सभागृह निम्मं रिकामं होतं. उरलेला वेळ योगदानासाठी, म्हणजे एकत्र बसून ड्रूपल सुधारण्यासाठी, राखलेला असतो आणि नेमका तोच अनेक कंपन्यांना वाया गेल्यासारखा वाटतो. आमच्या टीम लीडनं यंदा आधीच सांगून टाकलं होतं, "एखादं भाषण चुकलं तरी चालेल, योगदानाच्या दिवशी मात्र सगळे टेबलावर हवेत." मला हे मनापासून पटलं. ज्या सॉफ्टवेअरवर आमचं पोट चालतं ते २००१ साली ड्रिस बायटार्ट यांनी खुलं केलं आणि तेव्हापासून हजारो लोकांनी ते वाढवलं. त्याचा जीपीएल हा मुक्त परवाना आमच्याकडून पैसे मागत नाही, काम परत द्या असंही म्हणत नाही. म्हणूनच ते आपण होऊन द्यायला हवं.

प्रत्येक टेबलावर विषयाची पाटी होती. आम्ही अ‍ॅक्सेसिबिलिटीचं, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीच्या कामाचं, टेबल धरलं आणि रांगेतला एक जुना, रखडलेला इश्यू (नोंदवलेली अडचण) उचलला. तो ड्रूपलला जोडायच्या एका मॉड्यूलमधल्या (पूरक भागातल्या) शोधयादीबद्दल होता. एका बाजूला फिल्टरचे चेकबॉक्स, दुसऱ्या बाजूला निकाल. खूण केली की एजॅक्स या तंत्रानं यादी बदलते, पान नव्यानं लोड होत नाही. डोळ्यांनी पाहणाऱ्याला बदल तत्क्षणी दिसतो. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला मात्र पत्ताच लागत नाही. खूण झाली, पुढे काय झालं? काहीच ऐकू येत नाही.

उपाय दोन सुचवलेले होते आणि दोन्हींच्या ब्रँच (कोडच्या वेगळ्या प्रती) अर्धवट लिहून पडल्या होत्या. पहिला उपाय असा की यादी बदलली की फोकस, म्हणजे कीबोर्ड ज्या जागी काम करतो ती जागा, उचलून निकालांच्या शीर्षकावर न्यायचा. दुसरा असा की फोकसला हात लावायचा नाही, निकालांची संख्या फक्त एका लाइव्ह रीजनमध्ये, म्हणजे रीडर नजर ठेवतो अशा पानाच्या भागात, लिहायची, म्हणजे रीडर ती वाचून दाखवेल. आमच्यातही लगेच दोन तट पडले. फ्रंटएंड (साइटची दिसणारी बाजू) सांभाळणारी सहकारी डब्ल्यूसीएजी या वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या निकषांचा आधार घेऊन दुसऱ्या बाजूनं भांडत होती. २०१८ च्या २.१ आवृत्तीत आलेला ४.१.३ हा निकष म्हणतो की असे स्थितिदर्शक निरोप फोकस न हलवता पोचायला हवेत. दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, "निकाल बघायलाच खूण केलीय ना त्यानं? मग न्या की त्याला निकालांपाशी."

टेबलाच्या पलीकडे हेडफोन लावून एक गृहस्थ काम करत होते. अनुभवी बॅकएंड डेव्हलपर, पूर्णपणे दृष्टिहीन. ते हेडफोन उतरवून म्हणाले, "दोन्ही ब्रँच माझ्या मशीनवर चढवा. ऐकूनच बघू."

त्यांच्या विंडोज लॅपटॉपवर एनव्हीडीए होता. हा स्क्रीन रीडरही मुक्त सॉफ्टवेअर आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि तो स्वतः दृष्टिहीन. ज्याची गरज त्यानंच हत्यार घडवलं आणि सर्वांना खुलं करून दिलं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या सोबतीच्या या गृहस्थांनी आवाजाचा वेग इतका ठेवला होता की आम्हाला एक शब्द लागेना. मग त्यांनी तो उतरवला आणि टूल्सच्या मेन्यूतून स्पीच व्ह्यूअर उघडला. रीडर जे बोलतो ते या खिडकीत ओळीओळीनं उमटतं. आता आम्ही पडदा सोडून फक्त त्या ओळींकडे बघत होतो.

आधी पहिली ब्रँच. त्यांना तीन फिल्टर लावायचे होते. पहिली खूण केली आणि फोकस थेट निकालांच्या शीर्षकावर जाऊन पडला. दुसऱ्या फिल्टरसाठी शिफ्ट-टॅब, शिफ्ट-टॅब करत परत मागे. खूण केली, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी तेच. ते अजिबात वैतागले नाहीत, रोजचं काम असल्यासारखे कळा दाबत राहिले. तो सवयीचा संयम बघून आमच्या टेबलावरचा वाद तिथंच मिटला. निकष ३.२.२ हेच सांगतो: आधी कल्पना न देता, नुसत्या निवडीमुळे वापरणाऱ्याला दुसरीकडे नेऊन सोडू नका. तो मी कितीदा तरी वाचला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

मग दुसरी ब्रँच. खूण झाली, खिडकीत "चेकबॉक्स, निवडलेला" उमटलं आणि त्यापुढे एकही ओळ नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये पानाचा कोड पाहिला तर संख्या लाइव्ह रीजनमध्ये व्यवस्थित लिहिलेली होती. मजकूर पानावर आहे, पण कानापर्यंत पोचत नाही! आम्ही सगळे बुचकळ्यात पडलो. दिवसातला सगळ्यात चांगला वेळ याच गाठीवर गेला.

गाठ अशी होती. लाइव्ह रीजनवर रीडर नजर ठेवतो, पण त्यासाठी तो रीजन आधीपासून पानावर असावा लागतो. आहे त्या डब्यात मजकूर बदलला तर रीडरला चाहूल लागते. या ब्रँचमध्ये रीजन निकालांच्या टेम्पलेटमध्येच (मांडणीच्या साच्यातच) होता आणि एजॅक्सचं उत्तर आलं की तो सगळा भागच काढून नवा बसवला जायचा. म्हणजे दर वेळी जुना रीजन जायचा आणि मजकुरासकट नवा यायचा. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तेच नाहीसं होत होतं.

इलाज ड्रूपलच्या गाभ्यातच तयार होता: रीडरला निरोप देणारं ड्रूपल डॉट अनाउन्स हे फंक्शन. त्याचा रीजन बदलणाऱ्या भागाच्या बाहेर असतो, त्यामुळे यादी कितीही वेळा बदलली तरी तो टिकतो. वर ते क्षणभर थांबून साचलेले निरोप एकत्र देतं, म्हणजे भराभर खुणा केल्या तरी निरोपांची झुंबड उडत नाही. टेम्पलेटमधला रीजन काढला, यादी बदलल्यावर अनाउन्सला हाक मारली. आता ओळ उमटली: "शोधनिकाल अद्ययावत झाले आहेत."

ते हसले. "किती? मला आकडा सांगा, बाकी काही नको." मग आकडा आला, एकवचन-अनेकवचनासाठी फॉर्मॅट-प्लुरल हे फंक्शन आलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून शून्य निकालांसाठी वेगळं वाक्य आलं. आमच्यातल्या सगळ्यात तरुण सहकाऱ्यानं विचारलं, "असर्टिव्ह ठेवलं तर लवकर ऐकू येईल ना?" त्यांनी त्याला नीट समजावलं, "असर्टिव्ह म्हणजे माझं बोलणं मध्येच तोडणं. सेशन संपत असेल तर तोडा. आकड्यासाठी थांबा."

त्याच तरुणानं मग टेस्ट, म्हणजे दुरुस्ती आपोआप तपासणारा कोड, लिहिली. आधी दुरुस्तीशिवाय चालवून ती लाल होते हे बघितलं, मग दुरुस्तीसह हिरवी झाली. ती टेस्ट फक्त मजकूर रीजनमध्ये पोचल्याची खात्री देते. आवाज उमटला की नाही हे माणसाच्या कानानंच ठरवावं लागतं आणि ते ठरवणारा माणूस टेबलावर असणं ही त्या दिवसाची खरी कमाई होती.

ड्रूपलमध्ये आपल्याच कामाला आपण आरटीबीसी, म्हणजे तपासून मान्य, असा शेरा देत नाही. कोड आमचा, त्यामुळे शेरा त्यांनी दिला, तोही फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हीवर ऐकून आणि शेजाऱ्याकडून मॅकवरच्या व्हॉइसओव्हर या रीडरची खात्री करून घेऊन. इश्यूच्या श्रेयनोंदीत त्यांचं नाव आमच्या बरोबरीनं आहे. तिथं कोडइतकंच तपासणीलाही श्रेय मिळतं, ही पद्धत मला अतिशय न्याय्य वाटते.

मॉड्यूलच्या मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणाऱ्या बाई, सभागृहात नव्हत्या. नंतर त्यांनी एक बदल मागितला: ज्या साइटवर स्वतःची सूचना आहे तिथं ही बंद करता यावी. आम्ही तशी सेटिंग दिली आणि काम मूळ कोडमध्ये मर्ज झालं. पुढच्या परिषदेसाठी इश्यू आत्ताच निवडून ठेवलाय. त्याच यादीखालचं "आणखी दाखवा" हे बटण दाबल्यावर नव्या ओळी कुठून सुरू होतात, हे ऐकणाऱ्याला अजून कळत नाही. इथं फोकस हलवावा असं फ्रंटएंडवालीचं मत आहे आणि या वेळी त्याला विरोध माझा आहे.