पीएच.डी.च्या पोरांना शिकवायला कोण शिकवतं?

बेळगावात कॉलेजवर शिकवणाऱ्या मित्रमंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं लेक्चर प्राध्यापक घेतात, समोर शेकडो मुलं. पण छोट्या गटांत गणितं सोडवून घेणं, प्रॅक्टिकल सांभाळणं, पेपर तपासणं हे काम टीचिंग असिस्टंटचं, म्हणजे बहुतेक वेळा पीएच.डी. करणाऱ्या पोरांचं. परदेशी असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा. त्यातच सगळं बसवायचं.

आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठात नव्या असिस्टंटांचं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये, वर्ग भरायच्या आधी होतं. पहिला दिवस नियमांचा. विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खासगी ठेवणारा फेर्पा नावाचा १९७४चा कायदा आहे, त्यामुळं नावानिशी गुणांची यादी दारावर लावायची सोय नाही. (नोटीस बोर्डापुढची आपली झुंबड इथं कुणाला सांगून पटत नाही.) हा दिवस कंटाळवाणाच.

खरं काम दुसऱ्या दिवशी. प्रत्येकानं उभं राहून काही मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी पहिल्या वर्षाची पोरं व्हायचं. व्हिडिओ काढतात, तो बघून चर्चा होते आणि तोच भाग परत शिकवायचा. आपल्या बी.एड.वाल्यांनी ओळखलंच असेल: हा सूक्ष्मपाठ! ही पद्धत १९६३च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अॅलन यांनी बसवली. आपल्याकडं एनसीईआरटीनं तिचं ३६ मिनिटांचं चक्र केलं: पाठ ६, प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक) ६, पुन्हा नियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. म्हणजे खानापूरच्या शाळेतल्या बाई यातून गेलेल्या असतात. कॉलेजवाला मात्र नेट नाहीतर के-सेट ही पात्रता परीक्षा काढतो आणि थेट वर्गात जातो. त्याचं ओरिएंटेशन नोकरी लागल्यावर. मला हे उफराटं वाटतं.

व्हिडिओत सगळ्यांचा एकच रोग दिसतो. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन मोकळं व्हायचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलं जास्त आणि नीट बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं, पण फळ्यापुढं उभं राहून गप्प बसून बघा.

यंदा निपाणीकडची एक मुलगी होती. आपल्या इंग्रजी उच्चारांची तिला धास्ती, म्हणून एक्स्प्रेस सुटल्यासारखी बोलायची. वेग कमी केल्यावर तिचं खरं बळ दिसलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं वाढलेलं पोर. समोरच्याला कळलं नाही की लगेच दुसऱ्या वाटेनं सांगायची तिला सवयच. बाकीच्यांना ते शिकवावं लागतं.

दोन दिवसांत शिक्षक होत नाही, हेही खरं. म्हणून पुढं आठवड्याची बैठक असते, जुना असिस्टंट मागं बसून वर्ग बघतो, आणि सत्राच्या मध्यावर मुलांकडून बिननावी चिठ्ठ्या घेतात. चिठ्ठ्यांत फार थोर काही नसतं. ‘अक्षर मोठं काढा’, ‘फळा झाकून उभे राहू नका’. पण तेवढं दुसऱ्या दिवशीच सुधारता येतं.