तिने लगेच होकार का दिला नाही?

“एवढा जीव टाकणारा माणूस समोर उभा आहे, आणि ही बाई विचार कसला करतेय?” मैत्रीण आज वैतागून म्हणाली.

आम्ही दोघी एकच कादंबरी वाचतोय. १८१५ च्या आसपासचं लंडन. काळ्या पोशाखातली घरंदाज विधवा, आणि जुगारघर काढून शून्यातून वर आलेला, बदनाम नायक. तो तिला लग्नाची मागणी घालतो, आणि ती लगेच ‘हो’ म्हणत नाही.

मैत्रिणीचं ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला कायद्याने वेगळं अस्तित्वच नव्हतं. तिचे पैसे, दागिने नवऱ्याचे. जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात. विधवा मात्र स्वतःच्या नावाने करार करू शकायची, मालमत्ता बाळगू शकायची. विश्वस्त नेमून लग्नाआधी काही राखून ठेवता यायचं, पण ते ऐपतदारांचं काम. चित्र खऱ्या अर्थाने बदललं ते विवाहित बायकांच्या मालमत्तेबद्दलच्या १८८२ च्या कायद्याने.

म्हणजे ‘हो’ म्हणताना ती आपला सहीचा हक्कही देऊन टाकणार. आणि कुणाला? पत्त्यांवर लोकांच्या इस्टेटी जिंकणाऱ्याला!

मला तिचा उशीर पूर्ण पटला. फुलं, चंद्रप्रकाश सगळं ठीक. पण तिचं तिच्याच नावे राहील असा करारनामा त्याने आधी पुढे केला, तर मी त्याच्या प्रेमावर विश्वास ठेवेन.

तुम्ही तिच्या जागी असतात तर?