गच्चीवरची काठी आणि परत हातात घेतलेलं गणित

बारावीनंतर कॉमर्सला गेलो आणि गणित-फिजिक्स सुटलं ते कायमचंच. यंदा पावसाळ्यात परत धरलं. त्रिकोणमिती आता हातात बसली आहे, डिफरन्शिएशनही बऱ्यापैकी जमतं. इंटिग्रेशन अजून पुस्तक उघडं ठेवूनच होतं.

खरा उपयोग झाला तो गच्चीवर ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीचा. नागपूरचा अक्षांश 21.15. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या 23.44 अंश दक्षिणेला असतो, म्हणजे आपल्याकडे मध्यान्हीला, सूर्य दिवसातला सर्वांत उंच असतो तेव्हा, तो थेट डोक्यावरून 44.6 अंश कललेला. सावली म्हणजे काठीची लांबी गुणिले त्या कोनाचा टॅन, आणि टॅन 44.6 म्हणजे 0.986. सावली जवळपास काठीएवढीच! टेप लावली तर 98 सेंटिमीटरच्या आसपास भरली. फार आनंद झाला.

मग पुढचा प्रश्न: सावलीवरून उलट अक्षांश काढायचा, आणि मोजताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर? टॅनचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे कोनाबरोबर तो बदलण्याचा दर, सेकंटचा वर्ग, तो इथे 1.97 येतो. त्यावरून एक सेंटिमीटर म्हणजे 0.29 अंश, जमिनीवर साधारण 32 किलोमीटर. सावली तेवढी कमी मोजली की आपली गच्ची थेट दक्षिणेला बुटीबोरीच्या पलीकडे! शिवाय सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे सावलीचं टोक जवळपास दोन सेंटिमीटर पुसट राहतं. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवा. जमिनीवर उजेडाचा लंबगोल ठिपका पडतो, त्याचा मध्य नीट सापडतो.

घड्याळातल्या बारावर मात्र जाऊ नका. प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, नागपूर 79.1 वर. दर अंशाला 4 मिनिटं, म्हणून साडेतेरा मिनिटांचा उशीर. तेवढ्यानेही भागत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह बाराच्या थोडी आधीच होते, फेब्रुवारीच्या मध्याला 12 वाजून 28 मिनिटांनी. कारणं दोन: पृथ्वीचा कललेला आस, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने बदलत राहणारा वेग. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत वेगात असते. केप्लरचा दुसरा नियम (ग्रह आणि सूर्य जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते) शाळेत पाठ केला होता. तो कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेतून, म्हणजे फिरण्याचा संवेग कायम राहतो यातून, दोनतीन ओळींत निघतो, हे स्वतः वहीत मांडल्यावर कळलं, आणि माझ्या मते परत शिकायला लागल्याचं सगळं सार्थक तिथेच झालं.

सध्या गुरुत्वाकर्षणाच्या व्यस्त वर्गाच्या नियमातून (बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात) कक्षेचं लंबवर्तुळ काढतोय. अंतराऐवजी त्याचा व्यस्त घेतला की समीकरण दोलकासारखंच दिसायला लागतं, इथवर पोहोचलो.

चंद्रपूरचं कोणी आहे का? ते आपल्या जवळपास सरळ दक्षिणेला, अक्षांशात 1.2 चा फरक. एकाच दिवशी दोन्हीकडे मध्यान्हीची सावली मोजली, तर दोन शहरांमधल्या अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढता येईल. काठी एक मीटरची, पुठ्ठ्याला भोक, आणि ढग नसलेला दिवस. येत्या रविवारी जमेल का, सांगा.