अमेरिकेत खेळायला जाणाऱ्या पोरांनी आधी आय-२० वाचावा

सोलापुरात पार्क मैदान असो की कुमठा नाक्याचं टेनिस कोर्ट, पालकांच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास निघतो. "अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना आता कोटीत पैसे देतात म्हणे!" देतात, खरं आहे. १ जुलै २०२१ पासून एनसीएएनं, म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेनं, खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती करायला मोकळीक दिली. त्याला तिकडे एनआयएल म्हणतात. पुढे ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या 'हाऊस' खटल्यातली तडजोड न्यायालयानं मंजूर केली आणि कॉलेजं स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका कॉलेजला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची.

यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल घेऊन जातं. आपल्याकडून जातात टेनिस, जलतरण, अ‍ॅथलेटिक्सवाले. (खो-खोला तिकडे कोणी विचारत नाही, सोलापूरकरांना कितीही वाईट वाटलं तरी.) टेनिसवाल्यांसाठी खरा बदल वेगळाच आहे. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात पूर्वी पुरुष संघाला ४.५ आणि महिला संघाला ८ शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता ती नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त १० खेळाडू. म्हणजे कोच दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतो, किंवा कोणालाच देत नाही. अकरावा मात्र सरळ घरी. म्हणून कोचशी बोलताना "किती टक्के आणि किती वर्षं" हे लेखी घ्या. डिव्हिजन थ्री हा खालचा गट आणि आयव्ही लीग (हार्वर्डसारखी आठ विद्यापीठं) यांत खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, तिथं तो विषय काढून वेळ घालवू नका.

आता व्हिसा. आपली पोरं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, तो कॉलेजनं दिलेल्या आय-२० या पत्रावर मिळतो. या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम चालतं, बाहेरच्या कंपनीचं काम परवानगीशिवाय चालत नाही. एफ-१ च्या नियमांत एनआयएलसाठी वेगळी सवलत नाही. अमेरिकन मुलगी हॉस्टेलच्या खोलीतून रील टाकून पैसे घेते, तेच आपल्या मुलीनं केलं तर ते काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसाची स्थितीच धोक्यात येते. कॉलेज याबद्दल कदाचित टोकणारही नाही. पण पुढं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी जुनी कागदपत्रं उघडतात, तेव्हा ते नडतं.

वाट काढतात ती अशी, की काम अमेरिकेबाहेर करायचं. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर त्शिब्वे मूळचा काँगोचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामासला गेला, तेव्हा त्यानं जाहिरातींची कामं तिथं उरकली. आपल्यासाठी बहामास म्हणजे सोलापूर. समजा एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखानदाराला तुमच्या मुलीची जाहिरात हवी आहे. चित्रीकरण जून-जुलैत इथंच करा, पैसे इथल्या खात्यात घ्या. घोळ होतो तो करारातल्या "दर महिन्याला एक पोस्ट" या कलमात. ऑक्टोबरची पोस्ट ती अमेरिकेतून टाकणार, म्हणजे काम अमेरिकेत झालं. त्यापेक्षा सगळे व्हिडिओ सुट्टीतच करून कंपनीला द्यावेत, कंपनीनं ते स्वतःच्या खात्यावरून टाकावेत. हाही मार्ग शंभर टक्के पक्का नाही. सहीआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. शिवाय डिव्हिजन वनमध्ये ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार 'एनआयएल गो' या पोर्टलवर पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदवावा लागतो. कंपनी भारतातली आहे म्हणून सूट नाही. एकाच कंपनीचे छोटे करार एकत्र मोजतात, त्यामुळे ३०० चे दोन तुकडे करून उपयोग नाही.

कॉलेज बदलणं कागदावर सोपं झालंय. पूर्वी काही खेळांत एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. कम्प्लायन्स ऑफिसरला (कॉलेजात खेळाचे नियम सांभाळणाऱ्याला) लेखी कळवलं की त्यानं दोन कामकाजाच्या दिवसांत तुमचं नाव ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, घालायचं असतं. त्यासाठी ठरावीक मुदत असते, ती प्रत्येक खेळाची वेगळी. गोम अशी, की नाव पोर्टलवर येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजचा कोच तुमच्याशी बोलू शकत नाही, आणि नाव आलं की सध्याचं कॉलेज सत्र संपताच शिष्यवृत्ती थांबवू शकतं. अमेरिकन मुलगा अशा वेळी आईवडिलांकडे जाऊन राहतो. आपल्या पोराला नवा आय-२० लागतो. जुनं कॉलेज सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ज्या तारखेला सोडतं, त्याआधी नवं कॉलेज तो देऊ शकत नाही, आणि ती तारीख उलटली की जुन्या कॉलेजच्या हातात काही राहत नाही. नवे वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. त्यामुळे नव्या प्रवेशाचं पत्र हातात आल्याशिवाय ही तारीख ठरवून घेऊ नका.

क्रेडिटचा, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या श्रेयांकांचा, घोळ याहून मोठा, आणि इंजिनिअरिंगवाल्यांना तो जास्त भोवतो. तिसऱ्या वर्षाआधी पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० टक्के भाग पूर्ण लागतो, आणि ही टक्केवारी नव्या कॉलेजच्या पदवीवर मोजतात. जुने विषय तिथं नुसते ऐच्छिक म्हणून धरले, तर गुण चांगले असूनही खेळाडू अपात्र.

कराचं थोडक्यात: शिष्यवृत्तीतली फी आणि पुस्तकं करमुक्त, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर एफ-१ वाल्यांचा १४ टक्के कर कापतात. १०,००० डॉलर असतील तर १,४०० गेले. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून १०४०-एनआर हा कर विवरणाचा फॉर्म भरला की यातलं बरंच, कधी सगळंही परत येतं. भरलाच नाही तर येत नाही.

टेनिसवाल्यांसाठी अजून एक. सोलापुरात आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) महिला स्पर्धा झाल्या आहेत. अशा ठिकाणी मिळालेलं बक्षीस पात्रतेच्या तपासणीत विचारतात. प्रवेशाआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि त्यापुढं फक्त खर्चाइतकं, असा टेनिसचा नियम होता. २०२४ मध्ये रीस ब्रँटमायर या खेळाडूनं बक्षिसांवरच्या निर्बंधांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नियम कुठंही जावो, रेल्वेचं तिकीट, हॉटेलचं बिल, रॅकेटच्या तारांची पावती, कोचची फी हे सगळं स्पर्धेच्या नावानिशी एका फाइलमध्ये लावून ठेवा. थर्मल कागदाच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा.